‘पोरीले इचारलं का?’
(‘संगीत सौभद्र’ वाचण्याआधी)

या पुस्तकात एकच लग्न तीन वेळा लागते. पहिल्यांदा महाभारताच्या आदिपर्वात, दुसऱ्यांदा भागवताच्या दशम स्कंधात आणि तिसऱ्यांदा अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत सौभद्र’ नाटकात. नवरा तोच अर्जुन, नवरी तीच सुभद्रा, रागावणारा थोरला भाऊ तोच आणि गालातल्या गालात हसणारा धाकटाही तोच. पण प्रेमकथा म्हणाल तर तिन्ही ठिकाणी निराळी, आणि आदिपर्वातल्या प्रकाराला तर प्रेमकथा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. नाटक शेवटी ठेवण्याचे कारण हेच. बहुतेकांची ओळख उलट्या बाजूने होते. रेडिओवर पदे ऐकून सुभद्रा कळते आणि महाभारतातही ती अशीच झुरत बसली असेल असे आपण धरून चालतो. महाभारतात ती झुरत नाही. तिथे तिला तेवढा वेळच कोणी दिलेला नाही.

आमच्याकडे स्थळ आले, पुरुषमंडळींची बैठक झाली, देण्याघेण्याचे ठरत आले, की आतल्या खोलीतून एखाद्या म्हातारीचा आवाज येतो, ‘पोरीले इचारलं का?’ उत्तराची वाट ती पाहत नाही, कारण उत्तर तिला माहीत असते. पण विचारून ठेवते. तिन्ही कथा हा प्रश्न हाताशी ठेवून वाचाव्यात.

आधी आदिपर्व. अर्जुन बारा वर्षांच्या वनवासात आहे. पाच भावांत ठरलेला नियम त्याने मोडला होता: द्रौपदी एका भावाजवळ असताना दुसऱ्याने तिथे जायचे नाही. एका ब्राह्मणाच्या गाई चोरांनी नेल्या, शस्त्रे युधिष्ठिराच्या महालात होती, अर्जुन आत गेला, गाई सोडवून आणल्या आणि आपण होऊन वनवास पत्करला. वनवास म्हणजे ब्रह्मचर्य, असे ठरले होते. पण वाटेत गंगेकाठी नागकन्या उलूपी भेटली, पुढे मणिपूरच्या राजाची मुलगी चित्रांगदा भेटली, तिच्यापासून मुलगाही झाला. असा फिरत फिरत तो प्रभासला आला. कृष्ण त्याला घेऊन रैवतक पर्वतावर गेला. तिथे वृष्णी आणि अंधकांचा उत्सव भरलेला होता, आणि त्या गर्दीत मैत्रिणींबरोबर फिरणारी सुभद्रा अर्जुनाला दिसली.

कृष्णाने त्याची नजर ओळखली आणि थट्टा केली की रानात राहणाऱ्या माणसाच्या मनात ही खळबळ कसली? मग सांगितले की ती माझी बहीण आहे. अर्जुनाने उपाय विचारला. कृष्णाचे उत्तर मूळ ग्रंथात वाचावे असे आहे. स्वयंवर हा क्षत्रियाचा विवाह खरा, पण त्याचा भरवसा नाही, कारण मनाचा कल सांगता येत नाही. तेव्हा शूराला शोभणारा दुसरा मार्ग धर, तिला बळाने उचलून ने. म्हणजे न विचारण्याचे कारण स्पष्ट शब्दांत दिलेले आहे: विचारले तर ती ‘नाही’ म्हणू शकते! लगोलग दूत धावले, इंद्रप्रस्थाला युधिष्ठिराची परवानगी मागायला. परवानगी आली. ज्याची घ्यायला हवी त्या सगळ्यांची घेतली, एकटी ती सोडून.

मग सुभद्रा रैवतकाला प्रदक्षिणा घालून द्वारकेकडे परतत असताना अर्जुनाने तिला रथात घेतले आणि रथ हाकला. यादवांच्या सभेत आरडाओरडा झाला, बलराम संतापला. कृष्ण गप्प होता, मग बोलला. अर्जुनाने आपला अपमान केला नाही, मानच राखला, असे त्याचे म्हणणे. आपण पैशाचे लोभी नाही हे त्याला ठाऊक होते. आणि कन्येचे जनावरासारखे दान कोण मान्य करील, पोटच्या पोरीची विक्री कोण करील? वाक्य थोर आहे. फक्त ते म्हटले जात असताना ती मुलगी रथात घालून नेलेली आहे, आणि हा सगळा वनवास चोरांनी पळवलेल्या गाई सोडवण्यातून सुरू झाला होता, हे महाभारतकारांनी न सांगता शेजारी ठेवले आहे. त्यांनी ते जाणून केले असे मी मानतो. इतका थंड विनोद चुकून होत नाही.

आदिपर्वातली सुभद्रा प्रथम बोलते ती इंद्रप्रस्थात, लग्नानंतर, द्रौपदीसमोर. त्याआधी द्रौपदीने अर्जुनाला टोमणा मारलेला असतो की त्या यादवकन्येकडेच जा, ओझ्याला दुसरी गाठ बसली की पहिली सैल पडतेच. तेव्हा सुभद्रेला गवळणीच्या साध्या वेषात आत पाठवले जाते. ती वाकते आणि म्हणते, मी तुमची दासी आहे. द्रौपदी विरघळते. हरणाच्या वेळी तिला काय वाटले, रथात ती रडली की हसली, याबद्दल व्यासांनी एक अक्षर लिहिलेले नाही.

भागवतात हे सगळे बारा श्लोकांत उरकले आहे. दशम स्कंधाचा शहाऐंशीवा अध्याय. प्रश्न विचारणारा परीक्षित आहे, आणि सुभद्रा त्याची आजी. आजोबांनी आजीशी लग्न कसे केले, असा नातवाचा घरगुती प्रश्न. शुक सांगतात की बलराम तिला दुर्योधनाला देणार हे अर्जुनाच्या कानावर आले, तसा तो त्रिदंडी संन्यासी होऊन द्वारकेत शिरला. पावसाळ्याचे महिने तिथे राहिला. बलरामाने ओळखले नाही, उलट श्रद्धेने जेवायला बोलावले. तिथे त्याने तिला पाहिले आणि तिनेही त्याला. तिचेही मन गेले, असे भागवत सांगते. एवढी एक ओळ महाभारतात नव्हती. पुढे देवयात्रेला ती रथातून बाहेर पडली तेव्हा आईवडिलांच्या आणि कृष्णाच्या संमतीने त्याने तिला नेले.

शेगावहून सातपुड्याच्या बाजूला निघाले की संग्रामपूरच्या अलीकडे-पलीकडे कापसा-तुरीचा जो मुलूख लागतो, त्यात आमचे वरवट बकाल आहे. इथल्या माणसाला सुभद्रा भेटते ती भागवत सप्ताहात. पण सप्ताहातही तिच्या वाट्याला फार काही येत नाही. दशम स्कंध लागला की सगळ्यांचे डोळे रुक्मिणीस्वयंवराकडे असतात. त्या दिवशी मांडवात खरोखरीचे लग्न असल्यासारखी गडबड उडते, अक्षता वाटल्या जातात, बायका नटूनथटून येतात. कारण उघड आहे. रुक्मिणी विदर्भाची, कौंडण्यपूरची, म्हणजे आमची लेक. तिची पालखी दर आषाढीला कौंडण्यपुराहून पंढरीला जाते. त्या मानाने सुभद्रा म्हणजे जावयाची बहीण. तिचे बारा श्लोक महाराज एका दमात वाचून पुढे जातात.

म्हणूनच सौभद्र वाचताना वऱ्हाडातल्या वाचकाला एक गोष्ट इतरांच्या आधी खटकायला हवी, आणि ती खटकावी यासाठी हे सगळे सांगितले. तिच्याकडे येतोच.

‘सौभद्र’ १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्यात प्रथम रंगभूमीवर आले. त्या रात्री तीनच अंक झाले. पाचही अंकांचे नाटक पुढच्या वर्षी झाले. किर्लोस्कर त्या वेळी चाळिशीला टेकले होते. ज्या १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले त्याच साली त्यांचा जन्म. १८८० मध्ये त्यांनी कालिदासाचे शाकुंतल मराठीत आणून संगीत नाटकाचा पाया घातला होता. सौभद्र त्यानंतरचे, आणि हे पौर्वापर्य माझ्या मते महत्त्वाचे आहे. महाभारतातला दुष्यंत शकुंतलेला पूर्ण ओळखून नाकारतो. कालिदासाने मध्ये दुर्वासाचा शाप आणि हरवलेली अंगठी घातली आणि राजाचे हात धुऊन दिले. ज्याने हे नाटक ओळीओळीने मराठीत आणले त्याला ही युक्ती आतून कळलेली असणार. सौभद्रात तेच घडते. मुलीला बळाने उचलून नेण्याचे काम अर्जुनाकडून काढून घेतले आहे आणि ते घटोत्कचाला दिले आहे. राक्षसच तो, त्याने पळवले तर प्रेक्षक शहारतो आणि हसतो. कृष्णाच्या सांगण्यावरून घटोत्कच झोपेतल्या सुभद्रेला रात्री रानात आणतो आणि तिथे अर्जुनाला मिळते तिला सोडवण्याचे काम. पळवणारा सोडवणारा झाला. आदिपर्वातला सगळा अडचणीचा भाग या एका बदलाने नाहीसा होतो.

दुसरा बदल याहून खोल आहे. नाटकातल्या अर्जुन-सुभद्रेचे प्रेम पडदा उघडण्याआधीपासूनचे आहे. उत्सवाच्या गर्दीतली पहिली नजर इथे नाही, जेवणाच्या पंगतीतलीही नाही. दोघे एकमेकांचे आहेतच. अडथळा फक्त बलरामाने दुर्योधनाला दिलेल्या शब्दाचा. नारद ती बातमी अर्जुनाला सांगतो, आणि अर्जुन संन्यास घेतो तो निराशेने. भागवतातला संन्यास ही निव्वळ चाल होती, घरात शिरण्यासाठी घेतलेले सोंग. नाटकात त्याला विरहाचे दुःख चिकटले, आणि मग बलराम त्या यतीची थोरवी गातो, बहिणीलाच त्याच्या सेवेला लावतो, तेव्हा हसू दुप्पट होते.

हे असे का करावे लागले? माझे उत्तर सोपे आहे: गाण्यासाठी. दिसली, आवडली, उचलली, यात पद कुठे बसवणार? संगीत नाटकाला वाट पाहणारी दोन माणसे लागतात. साकी, दिंडी, कीर्तनातल्या चाली, लावणीच्या आणि कानडी वळणाच्या चाली हे सगळे भांडार किर्लोस्करांजवळ होते, आणि ते उघडायचे तर मनात साचलेले काहीतरी हवे. महाभारतातल्या सुभद्रेच्या मनात काय होते ते कोणाला माहीत नाही. मुक्या मुलीला गाता येत नाही, म्हणून आधी तिला प्रेम दिले आणि मग पदे दिली.

इकडेच असे घडते असेही नाही. गास्तों लरू या फ्रेंच लेखकाची ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ ही कादंबरी १९०९-१० मध्ये वर्तमानपत्रातून क्रमशः आली. तिच्यातला एरिक चालत्या मढ्यासारखा आहे, त्याच्या हातांनाही मृत्यूचा वास येतो, आणि क्रिस्तीनला त्याची भीती वाटते, फार तर कीव येते. १९८६ साली लंडनमध्ये अँड्र्यू लॉइड वेबरने त्याचे संगीत नाटक केले. मढ्याचा अर्ध्या मुखवट्याचा प्रियकर झाला, आणि त्याच्या गाण्यांनी कित्येक प्रेक्षकांना असे वाटायला लावले की तिने त्या सरळमार्गी राउलऐवजी यालाच निवडायला हवे होते. कादंबरी वाचून असे कोणाला वाटेल अशी शक्यता कमी. चाल लागली की माणूस बदलतो.

आता ती खटकणारी गोष्ट. थोरला भाऊ बहिणीचे लग्न तिच्या मनाविरुद्ध एका बलाढ्य राजाशी ठरवतो. बहिणीचे मन आधीच दुसऱ्यावर जडलेले आहे. धाकट्या माणसांचे काही चालत नाही. लग्नघटिका जवळ येते, मुलगी कासावीस होऊन विचारते की आता कोणाच्या दाराशी जाऊ, आणि शेवटच्या क्षणी सुटका होते. ही गोष्ट कोणाची? सप्ताहात बसलेली कोणतीही बाई सांगेल, रुक्मिणीची. थोरला भाऊ रुक्मी, नको असलेला नवरा शिशुपाल, हवा असलेला कृष्ण. किर्लोस्करांनी महाभारतातल्या मुक्या सुभद्रेच्या अंगावर रुक्मिणीचे लुगडे चढवले आहे. दुर्योधनाचे नाव त्यांना भागवतात तयार मिळाले, पण आधीपासूनचे प्रेम, भावाच्या शब्दाखाली गुदमरणे, शरण जाण्याची आळवणी, हे सुभद्रेच्या या दोन्ही मूळ कथांत नाही आणि रुक्मिणीच्या कथेत सगळे आहे. एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’ने ती कथा मराठी घराघरांत नेली होती, उपवर मुलींकडून तिची पारायणे करवून घेत. किर्लोस्करांच्या प्रेक्षकांना या वळणाची गोष्ट ओळखीची होती, म्हणून नव्या सुभद्रेवर कोणी आक्षेप घेतला नाही. घटोत्कचाचे यात येणेही मला दुसऱ्याच एका गोष्टीची आठवण करून देते. बलरामाच्या मुलीचे, वत्सलेचे लग्न कौरवाशी ठरते आणि घटोत्कच मायेने ते मोडून तिला अभिमन्यूला मिळवून देतो, ती ‘मायाबाजार’वाली लोककथा. सुभद्रेच्या मुलाची गोष्ट उलटी फिरून सुभद्रेकडे आली, असा माझा कयास आहे.

गंमत अशी की नाटकात स्वतः रुक्मिणीही आहे, सुभद्रेची वहिनी म्हणून. तिने द्वारकेत बसून नणंदेचे हे दुःख पाहायचे आहे. आणि रुक्मीच्या जागी बलराम आहे. तोच बलराम, ज्याने भागवतात रुक्मीचे मुंडन केल्याबद्दल कृष्णाला सुनावले होते आणि रडणाऱ्या रुक्मिणीची समजूत घातली होती. दुसऱ्याच्या बहिणीच्या वेळी शहाणपण सुचते, ते स्वतःच्या बहिणीच्या वेळी कुठे जाते कोण जाणे. किर्लोस्करांनी वहिनीच्या तोंडी आपल्या लग्नाचा एखादा टोला दिला असता तर तो बलरामाला चांगला बसला असता. १९१६ मध्ये खाडिलकरांनी ‘स्वयंवर’ लिहून रुक्मिणीला तिचे स्वतःचे संगीत नाटक दिले आणि बालगंधर्वांनी ते गाजवले. पण तोवर तिची अर्धी पुंजी सुभद्रेने वापरून टाकली होती.

लुगडे रुक्मिणीचे असले तरी एक वस्तू मात्र द्यायची राहिली. रुक्मिणीने पत्र लिहिले होते. ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला पाठवलेले सात श्लोक. मला केव्हा, कुठून, कसे न्यायचे हे तिने स्वतः कळवले, अंबिकेच्या देवळाची खूणही तिचीच. भागवतात दोन्ही मुली रथातून जातात, पण एकीने रथ मागवला होता. किर्लोस्करांची सुभद्रा प्रेम करते, गाते, दुर्योधनाला ठाम नाकारते, पण ठरवत काही नाही. सगळी सूत्रे कृष्णाच्या हाती. राक्षस त्याचा, नारदाच्या फेऱ्या त्याला ठाऊक, संन्याशाचे सोंग त्याला कळलेले. तिला ज्याच्याशी लग्न करायचे आहे त्याच्याशीच कृष्णाला लावायचे आहे, म्हणून सगळे गोड होते. तिचे मन कृष्णाच्या बेताहून वेगळे असते तर नाटकाचे काय झाले असते, हा प्रश्न नाटक येऊच देत नाही. आतल्या खोलीतल्या म्हातारीला किर्लोस्करांनी इतके उत्तर दिले की होय, पोरीच्या मनात हेच होते. विचारले होते का, याचे उत्तर अजून तसेच आहे.

याच १८८२ साली, याच पुण्यात, श्री शिवाजी छापखान्यात एक लहानसे पुस्तक छापले गेले: ‘स्त्रीपुरुष तुलना’. लेखिका ताराबाई शिंदे, आमच्याच जिल्ह्यातल्या, बुलढाण्याच्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवरच्या खटल्यानंतर वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर जी झोड उठली, तिला चिडून दिलेले हे उत्तर होते. बायकांसाठी नियम कोणी केले, पुरुषांना ते का लागू नाहीत, असे त्या थेट विचारतात, आणि त्या काळच्या गोष्टी-नाटकांत बायकांची जी चित्रे रंगवली जात त्यांचाही समाचार घेतात. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही आणि मी तो जोडतही नाही. पण एकाच वर्षी एकाच शहरात मुलीच्या मनाला दोन आवाज मिळाले. एक बुलढाण्याच्या बाईचा, कागदावर, फारसा कोणी न ऐकलेला. दुसरा रंगभूमीवर, भाऊराव कोल्हटकर या एकोणीस-वीस वर्षांच्या बडोद्याच्या मुलाच्या गळ्यातून निघालेला, ज्याने सुभद्रा उभी केली आणि पुण्याला वेड लावले. त्याच्यासमोर मोरोबा वाघोलीकरांचा अर्जुन होता. त्या प्रेक्षागृहातल्या बहुतेक पुरुषांची लग्ने मुलगी आठ-दहा वर्षांची असताना झालेली असणार. लग्नाआधी प्रेम करणारी, नको तो नवरा नाकारणारी मुलगी त्यांनी डोळे भरून पाहिली, पदांना पुन्हा पुन्हा ‘वन्समोअर’ दिला. मुलगी द्वापरयुगातली होती आणि भूमिकेत मुलगा होता, म्हणून ते सोपे गेले, असे म्हणण्याचा मोह मला होतो. पण हे तुच्छतेने म्हणता येणार नाही. शंभर व्याख्यानांनी जे मनात उतरले नसते ते चालीवर बसून आत गेले.

नाटक कुठे थांबते तेही पाहावे. द्वारकेत, लग्नाच्या आनंदात. द्रौपदीचा टोमणा, दासी म्हणवून घेणारी सुभद्रा, गवळणीचा वेष हे सगळे पुढचे, आणि पुढचे नाटकाला नको आहे. उलूपी आणि चित्रांगदाही या प्रेमाच्या वाटेत आडव्या येत नाहीत. एकनिष्ठ प्रियकराच्या मागे दोन बायका आणि पुढे एक रुसलेली बायको दाखवली तर विरहाची पदे कोण गंभीरपणे ऐकेल? किर्लोस्करांचे हे गाळणे नाट्यदृष्ट्या बिनचूक आहे. मला त्यात द्रौपदीची उणीव भासते, पण तिच्यासाठी सहावा अंक लागला असता आणि त्या अंकात हसण्यासारखे काही नव्हते.

वाचताना एक करावे. पाचव्या अंकात बलरामाचा राग निवळू लागतो तिथे थांबून आदिपर्वातले कृष्णाचे सभेतले भाषण पुन्हा काढावे. आम्ही ते मुद्दाम वेगळ्या पानावर छापले आहे. महाभारतात त्याला भावाची समजूत राजकारणाने आणि कुळाच्या मानाने घालावी लागते. भागवतात तो पाय धरतो. किर्लोस्करांच्या कृष्णाला यातले फारसे करावे लागत नाही, कारण सुभद्रेचे मन काय आहे हे तोवर साऱ्या प्रेक्षागृहाला पाठ झालेले असते. पदांच्या चाली ज्यांना येतात त्यांनी ती मोठ्याने म्हणावीत. साकी आणि दिंडी तर इथल्या कीर्तनात रोजच्या आहेत. ज्यांना येत नाहीत त्यांनी नुसती वाचली तरी चालतील, पण मग नाटकाला दोन रात्री द्याव्यात आणि आदिपर्व एका बैठकीत संपवावे.

वरवट बकाल